रस्त्यावरचा गणपती

ओंडक्यांच्या कोंडवाड्यासमोर गर्दी बरीच होती, आणि कृष्णाजी मुद्दाम एका दांडग्या माणसाच्या पाठीमागे उभे होते. वारा आपल्याकडून हत्तीकडे तर जात नाही ना, हेही त्यांनी पाहून घेतलं. हत्तीला वास लांबून येतो हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. कृष्णाजींना आज त्याचीच धास्ती होती.

"असं काय चोरासारखं मागं उभं राहता री?" पुष्पावतींनी त्यांची बाही ओढली. "म्होरं या की. संकष्टी आहे आज, दर्शन घ्या चांगलं."

"इथनं दिसतंय."

"काय दिसतंय? त्या माणसाचं टक्कल?"

चोरासारखं म्हटलं ते नवऱ्याला लागलं, कारण ते खरं होतं.

देवराज मोहल्ल्यात शर्ट शिवण्यात जन्म गेलेला हा माणूस तसा कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण मुलानं, पुनीतनं, गाडी घेतली आणि एका संकष्टीला अभयारण्यातून जाताना हा हत्ती रस्त्याकडेला उभा दिसला. साक्षात गणपती समोर, आणि डब्यात गूळ-खोबरं! कृष्णाजींनी केळीच्या पानावर नैवेद्य ठेवून हात जोडले. मग दर संकष्टीला तोच नेम झाला. प्राण्यांना खायला घालू नका अशी भलीमोठी पाटी तिथंच होती. ती माकडांबद्दल असणार, असं कृष्णाजींनी आपलं आपणच ठरवून टाकलं होतं. पुढे केळीचं पान सुटलं आणि हत्ती गाडीच्या खिडकीतून त्यांच्या हातचं खाऊ लागला. पुष्पावती ते कौतुकानं गल्लीभर सांगत सुटल्या.

हत्तीचा काय दोष? खिडकीत गूळ असतो, एवढंच तो शिकला. येईल ती गाडी अडवू लागला. आज उसाचा ट्रक, उद्या बस, आणि शेवटी एका मोटारसायकलवाल्याचा पाय मोडला. मग वनखात्यानं त्याला भुलीचं इंजेक्शन मारून, दोरांनी जखडून, ट्रकमध्ये चढवून या हत्तींच्या कॅम्पात आणलं. ही सवय त्याला कुणी लावली ते पेपरात आलं नव्हतं. कृष्णाजींनी ती बातमी पुन्हा पुन्हा वाचली होती, आपलं नाव कुठं नाही ना म्हणून.

कोंडवाड्याच्या फटीतून माहूत हत्तीला लाडीगोडी लावत होता. भाताच्या पेंढ्यात बांधलेला गूळ-खोबऱ्याचा गोळा त्यानं आत धरला होता. हत्ती ढिम्म हलत नव्हता. मान खाली, पायात साखळदंड, दोर काचून सोंडेवर आणि मानेवर वळ उठलेले. आणल्यापासून यानं तोंडाला काही लावलेलं नाही, असंच चाललं तर काही खरं नाही, असं माहूत लोकांना कानडीतून सांगत होता.

"अय्यो, आमच्या यांच्या हातचं खाईल की तो!" पुष्पावतींनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात कानडीतूनच सांगून टाकलं. "दर संकष्टीला रस्त्यावर हेच तर घालायचे त्याला!"

दांडगा माणूस बाजूला झाला. सगळ्या माना वळल्या. कृष्णाजींना वाटलं, आता माहूत चार शिव्या हासडणार. हासडल्या असत्या तर त्यांनी निमूट ऐकून घेतल्या असत्या, कदाचित जरा बरंही वाटलं असतं. पण माहुताचा चेहरा खुलला.

"बन्नी सर, बन्नी!" त्यानं हाताला धरून त्यांना पुढे नेलं आणि गोळा त्यांच्या तळहातावर ठेवला. "या, तुम्हीच द्या. देवासारखे भेटलात."

कृष्णाजी गोळा घेऊन फटीसमोर उभे राहिले. हत्तीनं खाल्लं तर तो जगेल, हे त्यांना कळत होतं. तरी मनातल्या मनात ते विनवणी करत होते, की यानं पाठ फिरवावी, माती उधळावी, ओंडक्यांना धडक द्यावी, काहीही करावं, पण माझ्या हातचं खाऊ नये. आणि जगावंही. दोन्ही एकदम कसं व्हायचं, ते देवालाही सुचलं नसतं.

"गणपा," ते हळूच म्हणाले.

कान हलले. साखळदंड ओढत हत्ती फटीजवळ आला. सोंड बाहेर आली, मनगटावरून बाहीवर, बाहीवरून गालापर्यंत फिरली आणि मग तिनं गोळा अलगद उचलला. तो चावून होतो न होतो तोच सोंड पुन्हा बाहेर आली आणि कृष्णाजींच्या शर्टाचा खिसा चाचपू लागली.

लोकांनी टाळ्या पिटल्या. माहूत दुसरा गोळा आणायला धावला. पुष्पावतींनी पदरानं डोळे पुसले.

"बगा! उगाच मागं लपत होता. तुमच्यावर इतकासुद्धा राग नाही त्याचा."

कृष्णाजींनी सोंडेवरच्या वळांवर हात ठेवला.

"असता," ते म्हणाले, "तर आज तो रानात असता."