आधी डोळे

या, असे पुढे सरकून बसा. एका बाईची गोष्ट सांगतो. छोटीच आहे, पण मन जागं ठेवून ऐका.

जळीत विभागात तिच्या नवऱ्याला स्ट्रेचरवर घेतलं होतं. चेहरा भोपळ्यासारखा सुजलेला, पापण्या चिकटलेल्या. सिस्टर कात्रीने शर्ट कापत होती.

"स्टोव्ह भडकला," बायको तिसऱ्यांदा म्हणाली. रिक्षात त्याने तिच्याकडून हेच घोकून घेतलं होतं.

"कपड्यांना हा कसला वास?" सिस्टर म्हणाली. "माझ्या नाकाची पार वाट लागली."

डॉक्टर मलमाची ट्यूब हातात धरून थांबले. "ताई, स्टोव्हच असेल तर मलम लावून पट्टी बांधतो. पण डोळ्यांत दुसरं काही उडालं असेल, तर ते पट्टीखाली खात राहील. मग आत्ताच धुवायला हवेत. नाहीतर डोळे गेले म्हणून समजा."

नवऱ्याने चाचपडत तिचं मनगट पकडलं आणि करकचून आवळलं.

तिला रसायनांची नावं येत नव्हती. घरात काय चालायचं, एवढंच ठाऊक होतं. आणि नेमकं तेच बोलायचं नव्हतं. तिने मनगट सोडवून घेतलं.

"हे मागच्या खोलीत नशेची पावडर करतात. पांढरे कॅन असतात, मीच विसळते. हाताला साबणासारखं बुळबुळीत लागतं."

"कॉस्टिक सोडा," डॉक्टर म्हणाले. "सिस्टर, सलाईन आणा. असेल नसेल तेवढं."

संध्याकाळपर्यंत डोळे धुणं चाललं. ती देवाचं नाव घेत त्याचं डोकं धरून उभी होती. मग पोलीस आले. त्यांनाही तिने तेच सांगितलं.

दहाव्या दिवशी डॉक्टरांनी बोटं दाखवली. "किती?"

"दोन."

तिला रडूच फुटलं. नवऱ्याची नजर मात्र दारातल्या हवालदारावर गेली होती.

"कोणी सांगितलं?"

"मी. डोळे गेले असते तुमचे."

"गेले असते तर बरं झालं असतं. तुझं तोंड तरी दिसलं नसतं."

आता तो तुरुंगात आहे. दर महिन्याला दोन बस बदलून ती भेटीला जाते. घरचं सांगते, मुलीच्या परीक्षेचं सांगते. जाळीपलीकडे तो येऊन बसतो, आणि वेळ संपेपर्यंत डोळे घट्ट मिटून घेतो.

देवापुढे उभे राहाल, तेव्हा तिलाही आठवा.