पेटीचा उलटा जबाब

पेटीत कार्ड घातलं की पडद्यावर उमटायचं, ‘कार्ड नाही’. काढलं की पेटी छाती ठोकून सांगायची, ‘कार्ड आहे’, आणि नसलेलं कार्ड वाचायला बसायची ती बसायचीच.

नखाएवढं मेमरी कार्ड, पण त्यानं अख्ख्या कारखान्याच्या तोंडचं पाणी पळवलं होतं. अशा तीनशे पेट्या. लशींच्या खोक्यात बसून वाटेतलं तापमान कार्डावर लिहायचं, एवढंच त्यांचं काम. त्यांना न्यायला गाडी पाचला येणार होती. आता अडीच वाजले होते.

"कार्डाच्या खाचाच सडक्या आल्यात," डागवाले काका म्हणाले. चाळीस वर्षं सोल्डरचे डाग देऊन त्यांची उजवी भुवई जळली होती, आणि ती परत उगवायला घाबरत होती. "या महिन्यात खाचा दुसरीकडून घेतल्या, तिथंच माशी शिंकली. तीनशेच्या तीनशे उपटतो. गाडीला सांगा, पुढच्या आठवड्यात ये."

"पुढच्या आठवड्यात गाडी दुसऱ्याच्या दारात असेल," वहिनी म्हणाली. कार्ड आणि पेटी यांच्यातला दुभाष्या, म्हणजे ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम, तिनं बसवला होता. तिला सगळा कारखाना वहिनी म्हणायचा, मालकाची आईसुद्धा.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. घरून सासरे. त्यांचा आवाज असा, की फोन टेबलावर पालथा ठेवला तरी तीन टेबलांना ऐकू जायचा.

"मी जेवलोय! माझी काळजी करू नकोस!"

"बरं, मामंजी." तिनं फोन ठेवला आणि लगेच शेजारणीला लावला. "काकू, आमच्याकडे एक ताट नेऊन द्याल? उपाशी बसलेत."

काका खो-खो हसले. "अहो, जेवलो म्हणाले ना ते!"

"म्हणाले म्हणूनच तर. जेवले असते तर ‘या घरात मला कुणी विचारत नाही’ म्हणाले असते. लग्नानंतर महिनाभर वाटायचं, माणूस बिघडलाय. मग कळलं, एकदम भरवशाचा आहे. फक्त..."

ती थांबली. मीटरच्या दोन सुया उचलून तिनं खाचेतल्या, कार्ड आल्याचं सांगणाऱ्या बारक्या कळीला टेकवल्या. कार्ड बाहेर, मीटर पीं करून ओरडला, म्हणजे कळ जुळलेली. कार्ड आत, मीटर गप्प. जुन्या खाचेत कार्ड गेलं की कळ जुळायची. या खाचेत कार्ड गेलं की सुटत होती.

"काका, खाच सडकी नाही. मामंजी आहे."

तिनं ड्रायव्हरच्या फाईलमध्ये एक ओळ वाढवली: या कळीचं उलटं ऐक. पेटी बंद करून चालू केली. कार्ड घातलं. ‘कार्ड आहे’. काढलं. ‘कार्ड नाही’. पुन्हा घातलं, तर पेटी मुकाट्यानं तापमान लिहू लागली.

काकांनी तापलेली सोल्डर गन बंद केली, जरा नाराजीनंच. मग तेही एकेक पेटी उघडून ती ओळ चढवायला बसले.

शेवटची पेटी खोक्यात गेली तेव्हा पाचला सात मिनिटं कमी होती. फोन पुन्हा वाजला.

"सावकाश ये! इथं तुझी वाट बघत कुणी बसलेलं नाही! दार लावून घेतलंय मी!"

वहिनीनं पिशवी खांद्याला लावली.

"निघते हो काका. दार उघडं टाकून उंबऱ्यात बसलेत."