परक्याच्या जिवावर
नवऱ्याने रानातलं ऑर्किड घरी आणलं आणि मला सवत आली. माझ्याशी दोन शब्द बोलायचे तर याच्या तोंडाला कुलूप. तिच्याशी मात्र तासन्‌तास गुलुगुलु.

"अगं, मुळांतली बुरशी भरवते तिला. बुरशी मेली की ही उपाशी मरेल."

"मरू दे की मग टवळी!"

तो कामावर जाताच मी कुंडीत बुरशी मारायचं औषध ओतलं.

टवळी मेली नाही, उलट फुलली. वाळत चालला तो नवरा.

आज दुपारी तो खुर्चीत बसला होता, कुंडी अनवाणी पायांशी. मी संतापून ती उचलली, तर त्याचा पायही बरोबर वर आला. तळव्यातून निघालेले पांढरे, ओले धागे थेट मातीत शिरले होते. मी ते ओढले.

"हळू गं," तो लाजून म्हणाला, "जेवतेय ती."