ताटाच्या तळचं नाव

माप ओलांडून माणिक मुलुंडच्या त्या दोन खोल्यांत आली, त्याला अर्धा तासही झाला नव्हता. सासूने, जानकीबाईंनी, तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यातला चांदीचा टाक बांधला. टाकावर बाईचा ठसा. नाक नाही, तोंड नाही. नुसते दोन डोळे.

"पहिलीचा आहे. ती गेली, तरी मान आधी तिचा. हा गळ्यातून काढायचा नाही."

टाक गार होता.

मग पितळी ताटात तांदूळ पसरले. विद्याधरने बोटातली अंगठी काढली आणि बायकोचं सासरचं नाव लिहिलं.

सु
ल
क्ष
णा

भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोखालीही तेच नाव होतं.

"दादा, अरे काय हे?" नणंद जयंती म्हणाली. "वहिनीचंच?"

"रेशनकार्डावर आहेच ते," जानकीबाई म्हणाल्या. "खाडाखोड कशाला? आणि ह्याच्या तोंडात तेच बसलंय. वाच गं, म्हणजे साखर वाटू."

विद्याधर मान खाली घालून अंगठी बोटात बसवत राहिला.

माणिकने तांदळावरून तळहात फिरवला. अक्षरं गेली. दाणे पांगले, आणि ताटाच्या तळाशी पितळेत कोरलेलं नाव वर आलं. सुलक्षणा. पहिलीच्या माहेरून आलेलं ताट.

जयंती भिंतीपर्यंत मागे सरकली.

माणिकने हात काढला नाही. त्या कोरीव अक्षरांवरून तिने बोट फिरवलं. सावकाश, शेवटच्या कान्यापर्यंत.

"ताट त्यांचं आहे. नावही त्यांचंच राहू दे, आई. माझं मी घेऊन आलेय."

मग बाजूच्या तांदळात, बोटानेच, लिहिलं.

माणिक.

"वाचा," ती विद्याधरला म्हणाली.

त्याने घसा साफ केला. वाचलं.

"साखर आण गं, सुलक्षणा," जानकीबाई सवयीने म्हणाल्या.

कुणीच उठलं नाही. जानकीबाईंनी एकदा फोटोकडे पाहिलं.

"माणिक. साखर आण."

"आणते."

स्वयंपाकघरात मांडणीवर एकसारखे अकरा डबे. कशात काय, तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती क्षणभर थांबली. टाक मुठीत धरला. तो आता गार नव्हता.

तिने हात वर केला. उघडलेला पहिलाच डबा साखरेचा निघाला.