नशिराबादची पाटी

१९५७ साली जळगावच्या कॉलेजात शिक्षणशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या सरांची शोकसभा भरली. जो तो "सरांनी मला घडवलं" म्हणत होता. सरांच्या पत्नी वच्छलाबाईंना ते ऐकवेना. तीस वर्षांच्या संसारात नवऱ्यानं त्यांना एक अक्षर शिकवलं नव्हतं. मग नशिराबादची मजूर बेबाबाई लिहायची पाटी घेऊन उठली. "प्रौढवर्गात सरायनं माझा हात धरून गिरवून घेतलं." वच्छलाबाईंच्या अंगाची आग झाली. सभा संपताच त्यांनी तिला गाठलं. "तुला शिकवलं, मला कधी विचारलंही नाही." "मीच पुसलं होतं त्यायले, अक्का, तुम्हाले का नाही शिकवत म्हनून," बेबाबाई म्हणाली. "सर म्हने, मी सांगितलं तर तिले हुकूम वाटीन. तिनं मागितलं पाह्यजे. वाट पाह्यतो." आणि वच्छलाबाई सरांनी विचारायची वाट पाहत राहिल्या होत्या. त्या पायरीवर बसल्या. "मागते मी आता," त्या म्हणाल्या. "शिकव. आधी त्यांचं नाव."