शेरवानीच्या बाह्या

कुवेतमधल्या सालमियातल्या फ्लॅटमध्ये अदिबा आरशासमोर भाषण पाठ करत होती. उद्या शाळेतल्या वेशभूषेत तिला अमेरिकेतला जुन्या काळचा आमदार व्हायचं होतं. “मी शेतकरी. लोकांनी निवडून दिलं, घोड्यावरून राजधानीला गेलो, कायदे केले. शेवटची निवडणूक हरलो आणि पुन्हा नांगर धरला.” फखरुन्निसादादींची कात्री थबकली. मांडीवर मरहूम नवऱ्याची काळी शेरवानी होती. तीच आमदाराचा कोट होणार होती. ते सरपंच झाले तेव्हा दादींनीच ती शिवली होती. ती घालून ते तरीतून खाडी ओलांडून तालुक्याला जायचे. निवडणूक हरले त्या दिवशी म्हणाले, “देऊन टाक कुणालाही.” दादींनी ती कुवेतपर्यंत आणली. “दादी, स्लीव्हज कट कर ना! हात बुडतात त्यात माझे.” दादींनी कात्री ठेवली, बाह्या आत दुमडून टाके घातले. “कापत नाही गो. तू वाढशील. खरीखुरी निवडून आलीस, की टाके उसवू.”