प्रार्थना चालू असताना

"आई पाणी मागत होती, गुरुजी. तुम्ही उशाशी बसून प्रार्थना म्हणत होता. मधेच कसं उठायचं, म्हणून आम्ही कुणी उठलो नाही. प्रार्थना संपली तोवर आई गेली होती."

भरल्या सभेत ती उभी राहून बोलत होती. साऱ्या वस्तीचे कपडे शिवणारी, एरवी मान वर न करणारी.

"जीभ आहे की कात्री?" थोरले विश्वस्त गरजले. "गुरुजींची माफी माग, नाहीतर या दाराची पायरी पुन्हा चढू नकोस."

"मी माफी मागायची?" तिचा आवाज फुटला. "एवढंच सांगा, गुरुजी. मी उठले असते तर पाप लागलं असतं?"

धर्मगुरूंना हो म्हणवेना. नाही म्हणावं, तर आजवर ते किती जणांच्या उशाशी असेच प्रार्थना म्हणत बसले होते! उत्तर सुचलं नाही की ते जे करत, तेच त्यांनी केलं. हात जोडले.

"चला, प्रार्थना करू या."

सगळ्यांनी लगेच डोळे मिटले. ती गप्प झाली. प्रार्थनेत कोण बोलणार?

"देवा, आम्हाला शांती दे."

"शांती दे," सगळे एका सुरात म्हणाले.

"आमचे अपराध पोटात घाल."

"पोटात घाल."

पण धर्मगुरूंचे स्वतःचे डोळे आज मिटेनात. समोर ती मान खाली घालून रडत होती. तिच्या मागच्या बाकावर, वस्तीची घड्याळं दुरुस्त करणारे म्हातारे घड्याळजी एका अंगावर कलंडले होते. तोंड उघडं, बोटं कॉलर ओरबाडत होती. त्यांची बायको त्यांना खेटूनच बसली होती. नवऱ्याची तडफड तिला कळत होती. तिनं डोळे आणखी घट्ट मिटले. तिचे ओठ भराभरा हलत होते. प्रार्थना लवकर संपावी म्हणून.

आता थांबलं, तर शिवणारीचं म्हणणं खरं ठरणार होतं. पुढची ओळ ओठांवर आली होती. धर्मगुरूंनी ती गिळली आणि चौथऱ्यावरून उडी टाकली.

"उठा! घड्याळजींना धरा!" धावता धावता ते जीव तोडून ओरडले. "ही पोरगी खरं बोलली!"

"खरं बोलली," सगळं सभागृह डोळे मिटून एका सुरात म्हणालं. जागचं कुणी हललं नाही.